उषवदाताच्या वाटेने समुद्राकडे

पिंपळगाव बसवंतच्या बाजारसमितीच्या आवारात संध्याकाळी भरलेला टोमॅटोचा ट्रक आग्रा रस्त्याने निघतो, नाशिक आणि इगतपुरी मागे टाकून रातोरात कसारा घाट उतरतो आणि उजाडण्यापूर्वी मुंबईच्या बाजारात उभा राहतो. या एकाच वाटेची सवय आम्हां पिंपळगावकरांच्या अंगी इतकी मुरली आहे की समुद्र म्हटला म्हणजे चौपाटीखेरीज दुसरे काही डोळ्यांसमोर येत नाही. वास्तविक आमच्या मुलखातून समुद्रावर जाणारी याहून पुष्कळ जुनी आणि पुष्कळ रम्य अशी एक वाट आहे. ती नाशिकहून त्र्यंबकला, तेथून तोरंगण घाटाने मोखाड्याला आणि जव्हारला जाते, डहाणूला खाडीचे दर्शन घडविते आणि मग किनाऱ्याने दक्षिणेकडे वळून केळवे-माहीम, सोपारा आणि वसई दाखविते. भूगोलाच्या पुस्तकांनी देश आणि कोकण अशी दोन खाती पाडून त्यांचे हिशेब वेगळे ठेवले असले, तरी आजचे नाशिक आणि पालघर हे दोन जिल्हे मिळून पूर्वापार एकच वहिवाटीचा प्रदेश होता, असे माझे मत आहे; आणि त्याचा अस्सल लेखी पुरावा नाशिकच्या डोंगरात कोरून ठेवलेला आहे.

प्रवासाला हंगाम निवडायचा तो दिवाळीनंतरचा. या दिवसांत निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतील द्राक्षबागांची गोडी छाटणी उरकलेली असते. काही बागा पोंग्यात, काही फुलोऱ्यात असतात आणि अवकाळी पावसाची एखादी सर पडून गेली की डाउनी रोगाच्या धास्तीने शेतकरी रात्रीसुद्धा ब्लोअर जोडलेला ट्रॅक्टर बागेतून फिरवीत असतो. परगावच्या पाहुण्यास हिरव्या मांडवांची ही शोभा आल्हाददायक वाटते. बागाइतदाराला मात्र त्या शोभेत आपले कर्ज दिसत असते. गावाबद्दल अधिक लिहिणे आत्मस्तुतीचे ठरेल. कुसुमाग्रजांचे प्राथमिक शिक्षण येथे झाले आणि न्यायमूर्ती रानडे यांचा जन्म १८४२ मध्ये येथून जवळच निफाडला झाला, एवढे सांगून पुढे जातो. ज्यांना एक दिवस अधिक काढता येईल त्यांनी प्रथम उलट दिशेस चांदवडला जाऊन होळकरांचा रंगमहाल पाहावा. अहिल्याबाईंच्या नावाशी निगडित असलेल्या त्या वाड्यातील लाकडी खांबांवरचे कोरीव काम आणि होळकरांच्या टांकसाळीची आठवण यांवरून, आज केवळ तालुक्याचे ठिकाण म्हणून ठाऊक असलेला हा कसबा एके काळी किती मातब्बर होता याची कल्पना येते. पक्ष्यांची आवड असणाऱ्याने नांदूर मध्यमेश्वर चुकवू नये. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर १९०७ ते १९१३ या काळात बंधारा बांधला गेला, त्यामागे गाळ साठून दलदल झाली, आणि त्या दलदलीस २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र होण्याचा मान मिळाला.

नाशिकमधील देवालयांची यादी मी येथे देत नाही. ती घाटावरचा कोणताही उपाध्याय तोंडपाठ सांगेल. एका काळाराम मंदिरापुरता अपवाद करतो, कारण २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली ज्या महाद्वारासमोर सत्याग्रह सुरू झाला, ते द्वार पाहिल्यावाचून नाशिक पाहिले असे म्हणता येत नाही. परंतु आपल्या वाटेचा दस्तऐवज गावात नाही, तो शहराच्या दक्षिणेस आग्रा रस्त्यालगत असलेल्या त्रिरश्मी डोंगरावर, लोक ज्याला पांडवलेणी म्हणतात तेथे आहे. पायऱ्या चढून दहाव्या लेण्याच्या पडवीत उभे राहावे आणि मान वर करून मागच्या भिंतीकडे, छताखाली लांबच लांब गेलेल्या ब्राह्मी ओळींकडे पाहावे. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई, दिनीकाचा पुत्र उषवदात याने सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी आपल्या दानधर्माची ही जंत्री कोरविली आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे आजचे भडोच, मंदसोर, नाशिकलगतचा परिसर आणि सोपारा, या चार ठिकाणी त्याने धर्मशाळा बांधल्या, विहिरी आणि तळी खोदविली. आणि इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर उतारूंकडून काही न घेणाऱ्या नावा ठेवून त्यांच्या दोन्ही तीरांवर पाणपोया घातल्या. दमणा म्हणजे दमणगंगा, पारादा म्हणजे पार आणि दाहनुका म्हणजे डहाणूची नदी हे विद्वानांनी ठरविलेलेच आहे. नाशिकच्या डोंगरात बसून डहाणूच्या तरीची व्यवस्था लावणारा हा मनुष्य देश आणि कोकण यांत भेद मानीत नव्हता, हे उघड आहे.

त्याच लेण्यातील दुसऱ्या लेखाचा व्यवहार तर एखाद्या पेढीच्या कीर्दखतावणीत शोभावा इतका चोख आहे. लेखातल्या गणनेप्रमाणे बेचाळिसाव्या वर्षी उषवदाताने तीन हजार कार्षापण अक्षय ठेव म्हणून गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेवले; पैकी दोन हजारांस दरमहा शेकडा एक आणि हजारास शेकडा पाऊण असा व्याजाचा दर ठरला. दोन हजारांचे व्याज वर्षाला २४० होते. आणि या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यावयाचे, म्हणजे रक्कम नेमकी २४०. मुद्दल कधीही परत घ्यावयाचे नाही, व्याज तेवढे उपभोगावयाचे, आणि हा सर्व ठराव निगमसभेत वाचून दाखवून रीतसर दप्तरी दाखल करावयाचा. ज्या प्रांतात नारळ होत नाही त्या प्रांतातील लेण्यावर नारळीच्या हजारो झाडांच्या देणग्या नोंदलेल्या दिसतात, याचेही कारण हेच की डोंगरावरच्या धर्मकार्याचा खर्च किनाऱ्याच्या उत्पन्नातून भागत असे. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा पाडाव केला. १९०६ साली जोगलटेंभी येथे नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, त्यांतील सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. राज्य पालटले, चांदी तीच राहिली.

त्र्यंबकेश्वर नाशिकहून अवघ्या २८ किलोमीटरांवर आहे. नानासाहेब पेशव्यांनी बांधावयास घेतलेले काळ्या दगडाचे देवालय, कुशावर्त आणि निवृत्तिनाथांची समाधी ही सर्वांना ठाऊक असल्यामुळे मी वाचकाला निराळ्याच गोष्टीकडे लक्ष द्यावयास सांगेन. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर असताना त्याच्याकडे पाठ फिरविते आणि १,४६५ किलोमीटरांचा प्रवास करून पूर्व समुद्रास मिळते. त्याच डोंगररांगेतून निघालेली वैतरणा मात्र पश्चिमेस उतरते, वाटेत धरणांतून मुंबईला पाणी पाजते आणि अर्नाळ्याजवळ सागरास भेटते. आमच्या शेजारच्या दिंडोरी तालुक्याची तऱ्हाही हीच: कादवा तेथून पूर्वेकडे येऊन आमच्या बागा भिजविते, आणि उषवदाताची दमणगंगा तेथूनच पश्चिमेकडे जाते. श्रावणात एकाच ढगाचे पाणी दोन समुद्रांत वाटले जाते ते याच डोंगरधारेवर.

तोरंगण घाट उतरू लागताच मुलूख पालटतो. द्राक्षे, ऊस, कांदा यांचे नाव उरत नाही. उतारावर नागली, वरई आणि खुरासणी, खाचरांत भात, मध्ये साग आणि मोह, आणि कुडाच्या भिंतींची घरे. हा वारली, कोकणा, महादेव कोळी आणि ठाकर लोकांचा प्रदेश. मोखाडा-जव्हार भागात बोहाडा होतो, तेव्हा देवदैत्यांचे मुखवटे चढवून मशालींच्या उजेडात सोंगे नाचतात; तो पाहायला मिळाला तर एका रात्रीची झोप खुशाल खर्ची घालावी. जव्हार हे मुकणे घराण्याच्या संस्थानाचे राजधानीचे गाव. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवरचे हे टुमदार ठिकाण, तेथील जयविलास राजवाडा आणि जवळचा दाभोसा धबधबा हे पाहून एक मुक्काम करावा, म्हणजे पुढच्या उकाड्याला तोंड देण्यास शरीर तयार होते. १६६४ च्या जानेवारीत सुरतेवर जाताना शिवाजी महाराज याच मुलखातून गेले. शिरपामाळ येथे त्याची स्मृती जपलेली आहे.

डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्रकला कागदावर आणि कॅनव्हासवर आणून जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. मूळचे चित्र मात्र लग्नाच्या घरात काढावयाचे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, चावून मऊ केलेल्या काडीने सवासिणी चौक लिहितात, चौकात पालघट देवी बसविली जाते, आणि धवलेरी ही पुरोहित स्त्री गाणी म्हणून लग्न लावते. शहरातील उपाहारगृहांच्या भिंतींवर रंगविलेल्या नाचऱ्या आकृती पाहून ज्यांनी या कलेविषयी मत बनविले असेल, त्यांनी ते येथे येऊन तपासून घ्यावे.

डहाणूपासून घोलवड-बोर्डीपर्यंत सुरूच्या झाडांमागे चिकूच्या वाड्या पसरल्या आहेत. येथे आलेल्या पारशी आणि इराणी बागाइतदारांचा या वाड्यांच्या जोपासनेत मोठा हात आहे. लांब बांबूच्या टोकाला जाळी बांधलेल्या बेडणीने गडी एकेक फळ अलगद उतरवून घेतो. या चिकूला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. आमच्या द्राक्षांप्रमाणे वर्षातून एकदाच जुगार खेळावयाचा नाही, झाड बारमाही काही ना काही देत राहते, हे पाहून घाटावरच्या शेतकऱ्याला थोडा हेवा वाटल्यास नवल नाही.

दक्षिणेस सातपाटी हे कोळ्यांचे मोठे बंदर पापलेटसाठी प्रसिद्ध आहे. २०२३ साली रुपेरी पापलेट राज्यमासा म्हणून घोषित झाला. शाकाहारी प्रवाशाने सातपाटीला नाक धरून थांबण्याऐवजी केळवे-माहीमकडे सरकावे. तेथील पानवेलींच्या वाड्यांतून आणि माडांच्या सावलीतून हिंडताना, इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या महिकावतीच्या बखरीतील बिंब राजाची राजधानी ती हीच असे मानले जाते, हे ध्यानात ठेवावे.

सोपाऱ्याची अवस्था मात्र पाहवत नाही. ज्या शूर्पारकाची नोंद ग्रीक दर्यावर्दी करीत होते, त्याच्यावर आज इमारतींची दाटी झाली असून बंदराची खाडी गाळाने बुजून गेली आहे. बुरुड राजाचा कोट या नावाने ओळखला जाणारा ढिगारा पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उकरला, तेव्हा तो बौद्ध स्तूप निघाला आणि त्याच्या पोटात अवशेषांचा करंडक व बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती मिळाल्या. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही याच सोपाऱ्याने दिला, आणि नवव्याचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावला सापडला. इतके वैभव ज्या भूमीत निघाले, तेथे एखादा नेटका फलक आणि दोन झाडांची सावली यांपलीकडे फारसे काही असू नये, ही आपल्या सर्वांच्या नावावरची बाकी आहे.

वसईचा किल्ला निवांत पाहावा. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांना मिळालेले हे ठाणे दोन शतके त्यांच्या उत्तर फिरंगाणाची राजधानी होते; १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी ते सर केले. पडक्या चर्चांच्या कमानींतून वडपिंपळ उगवले आहेत आणि कोटाबाहेर कोळ्यांच्या होड्या डागडुजीसाठी ओढून ठेवलेल्या असतात. विजयी फौजेने येथील चर्चांच्या घंटा काढून नेल्या आणि देशावरच्या देवळांत टांगल्या. त्यांपैकी एक नाशिकला गोदातीरी, १७४७ साली बांधलेल्या नारोशंकराच्या देवालयात आहे. १५९७ साली जपानात नागासाकी येथे क्रुसावर चढविला गेलेला संत गोन्सालो गार्सिया याच वसईचा. किल्ल्याबाहेरच्या हरित पट्ट्यात केळी, भाजी आणि फुले पिकविणारे सामवेदी ख्रिस्ती अडनावे पोर्तुगीज लावतात आणि घरी बोलतात ती कादोडी, मराठीचीच एक जुनी बोली. त्यांच्या वाड्यांत मिळणारी सुकेळी, म्हणजे उन्हात वाळविलेली केळी, बेदाण्याच्या गावच्या माणसाने अवश्य चाखून पाहावी. वाळविण्याचा धंदा आपल्यालाच अवगत आहे हा त्याचा समज दूर होईल.

परतीला आगगाडी सोयीची. वसईहून दिव्याला आणि तेथून कल्याणला येऊन नाशिकची गाडी धरावी. कसाऱ्याला बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिने, ज्यांना रेल्वेचे लोक बँकर म्हणतात, जोडली जातात, कारण १८६५ मध्ये खुला झालेल्या या थळ घाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट इतका खडा आहे. जागा डाव्या खिडकीची मिळवावी की उजव्या, याचा वाद घालीत बसू नये. बोगद्यांमधल्या दऱ्या दोन्ही बाजूंनी दिसतात. इगतपुरीला बँकर सुटले की चहा घेण्याइतका वेळ मिळतो, आणि नाशिकरोडला उतरल्यावर पिंपळगावकडे जाणारी एस.टी. शहरातूनच मिळते.