माळ्यावरची बंदूक

शेतीसंरक्षणाची बंदूक कोकणात अनेक घरांत असते. घरधनी गेले की ती माळ्यावर तशीच पडून राहते. पण मैत्रिणींनो, परवाना माणसाचा असतो, घराचा नाही! विनापरवाना शस्त्र ठेवणं हा गुन्हाच. १९५९च्या शस्त्र कायद्याचं कलम २१ सांगतं, ते विनाविलंब पोलीस ठाण्यात जमा करा.

ओळखीच्या एका काकूंसोबत मी गेले होते. आधी नुसता परवाना आणि मृत्यूचा दाखला दाखवला. "साहेब, बंदूक घरी आहे, कशी आणू?" काकूंनी सरळ विचारलं. मग सांगितलं तशी नेली, काडतुसं मोजून दिली, बंदुकीचा नंबर घातलेली पावती घेतली. वारसाला पुढे स्वतःच्या नावे परवाना मागता येतो.

तेव्हा घाबरू नका. फक्त पावतीशिवाय परतू नका.