देशी व विलायती कोंबडी : वाढीचा ताळेबंद

कापूस, सोयाबीन व तूर या पिकांवर ज्यांचा प्रपंच चालतो, त्या अमरावती-अकोल्याकडील शेतकऱ्यांस जोडधंदा पाहिजे, याविषयीं आतां दुमत राहिलेलें नाहीं. मांसासाठीं कोंबड्या पाळण्याचा विचार निघाला म्हणजे मात्र दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, विलायती कोंबडें सहा आठवड्यांत दोन किलो भरतें, मग देशी कशास पाळावें ? दुसरा म्हणतो, देशी कोंबड्यास बाजारांत अधिक दर मिळतो, मग विलायतीची यातायात कशास ? दोघांचेंही म्हणणें खरें आहे. पण तें अर्धेंच खरें आहे.

प्रथम वाढीचे आंकडे पाहूं. ज्यास आपण ब्रॉयलर म्हणतों त्याचें एक दिवसाचें पिलूं सुमारें ४० ग्रॅम भरतें व ३५ ते ४२ दिवसांत तें दोन किलोंच्या घरांत जातें. एवढ्या वजनास त्याला सव्वातीन ते साडेतीन किलो खाद्य लागतें. उकिरड्यावर व खळ्यांत चरणारें देशी पिलूं त्याच मुदतींत जेमतेम पाव किलो होतें आणि एक किलो भरावयास त्यास चार-पांच महिने लागतात. विकतचें खाद्य घालून देशी कोंबडें वाढवूं गेल्यास प्रत्येक किलो वजनामागें ब्रॉयलरच्या दुपटीहून अधिक खाद्य खर्चीं पडतें. म्हणून देशी कोंबडीचा नफा ती फुकटचें खाते तोंपर्यंतच असतो, ही गोष्ट पक्की ध्यानांत धरावी.

हा फरक खाद्याचा कीं रक्ताचा, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर कॅनडांतील अल्बर्टा विद्यापीठानें प्रयोगानें दिलें आहे. १९५७, १९७८ व २००५ या तीन सालांचीं कोंबड्यांचीं वाणें तेथें एकाच खाद्यावर वाढविलीं. ५६ व्या दिवशीं त्यांचीं वजनें अनुक्रमें ९०५, १८०८ व ४२०२ ग्रॅम भरलीं. हा प्रयोग २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. खाद्य एकच असतां वजन चौपटीहून अधिक वाढलें, तें केवळ निवडीच्या बळावर. या निवडीस मोठी चालना अमेरिकेंत १९४८ सालीं झालेल्या ‘उद्यांची कोंबडी’ या राष्ट्रीय स्पर्धेनें दिली. तींत कॅलिफोर्नियाच्या व्हँट्रेस यांच्या कॉर्निश व न्यू हॅम्पशायर यांच्या संकरास पहिला मान मिळाला. आजचा ब्रॉयलरही मुख्यत्वें कॉर्निश नर व व्हाइट प्लायमाऊथ रॉक मादी यांच्या वंशांतून उतरला आहे. आणि हा कॉर्निश तरी कोण ? इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकांत जी जात तयार झाली, तींत आपल्या असील कोंबड्याचें रक्त मिसळलेलें होतें. विलायती कोंबड्याची रुंद छाती कांहीं अंशीं आपल्याकडूनच गेलेली आहे. आपलें रक्त कमी प्रतीचें नव्हतें. निवड करण्याची चिकाटी दुसऱ्यांनीं दाखविली.

आतां खाद्य. ब्रॉयलरच्या खाद्यांत अर्ध्याहून अधिक मका असतो व प्रथिनांसाठीं मुख्यतः सोयाबीनची पेंड असते. लहान पिलांस शेंकडा २२ ते २३ व मोठ्यांस शेंकडा १९ ते २० प्रथिनें लागतात. सोयाबीन आपल्या शेतांत पिकतें म्हणून तें कच्चें भरडून घालण्याचा मोह होतो, तो टाळावा. कच्च्या सोयाबीनमधील एक द्रव्य प्रथिनांचें पचन रोखतें. योग्य उष्णता दिल्यावरच तो दोष जातो. सरकीची ढेप गाईम्हशींस चालते, परंतु तींतील गॉसिपॉल नांवाचें द्रव्य कोंबड्यांची वाढ खुंटवितें.

तिसरी बाब वऱ्हाडच्या उन्हाळ्याची. अकोल्याचा पारा वैशाखांत ४५ अंशांवर जातो. झपाट्यानें वाढणाऱ्या कोंबड्याच्या अंगांत खाद्य पचवितांना पुष्कळ उष्णता निर्माण होते आणि घाम तर त्यास येतच नाहीं. तें धापा टाकीत मरतें. म्हणून शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, छपरास चुना द्यावा, उन्हाळ्यांत पिलें विरळ ठेवावीं आणि खाद्य पहाटे व रात्रीं द्यावें. देशी कोंबडी सडपातळ व चपळ असल्यामुळें हें ऊन बऱ्यापैकीं सोसते. उघड्या मानेच्या देशी कोंबड्यांच्या अंगावर पिसेंच कमी असतात. उन्हाच्या मुलुखांत तो गुणच होय.

चौथी बाब बियाण्याची. कापसाचें संकरित बियाणें दरसाल विकत घ्यावें लागतें, हें आपणांस ठाऊक आहे. ब्रॉयलरचेंही तसेंच आहे : त्याची वीण ठेवून तोच गुण मिळत नाहीं. देशी कोंबडी खुडूक बसून आपलीं पिलें आपण काढते. ब्रॉयलरसाठीं पिलें, खाद्य व औषध बहुधा कराराच्या कंपनीकडून येतात. शेड, वीज, पाणी व मेहनत शेतकऱ्याची. शिवाय तयार ब्रॉयलर थांबूं शकत नाहीं. रोज तो खातच राहतो. २००६ सालीं नवापुरास बर्ड फ्लू आला तेव्हां, आणि २०२० सालीं कोरोनाच्या खोट्या वावड्या उठल्या तेव्हां, गिऱ्हाईक तुटलें आणि भरलेल्या शेडांचें काय करावें हा प्रश्न पडला. करारावर सही करण्यापूर्वीं अशा वेळीं तोटा कोणाच्या माथीं, हें कलम वाचून घ्यावें.

या दोहोंमधील मार्गही आहे. बंगळूरच्या कृषि विद्यापीठाची गिरिराज व हैदराबादच्या संशोधन संस्थेची वनराज या जाती परसांत चरतात, रंगीत दिसतात व देशीहून पुष्कळ लवकर वाढतात. झाबुव्याच्या कडकनाथास २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु तो सावकाश वाढणारा आहे. त्याचीं अंडीं व पक्षी चढ्या भावानें परत घेण्याचें आमिष दाखवून पश्चिम महाराष्ट्रांत शेतकऱ्यांचें कसें नुकसान झालें, हें २०१९ सालीं उघडकीस आलेंच आहे. गिऱ्हाईक कोण, हें ठरल्यावांचून जात ठरवूं नये.

कोणतीही जात घ्या, मानमोडीची लस चुकवूं नका. देशी कोंबडीस रोग होत नाहीं हा भ्रम आहे. मानमोडी गांवांतील खुराडीं एका आठवड्यांत रिकामीं करते.

तात्पर्य, ज्याच्याजवळ भांडवल, वीज, पाणी व बाजार आहे त्यानें ब्रॉयलर पाळावा, पण भर उन्हाळ्यांतील खेप लहान ठेवावी. ज्याच्याजवळ मोकळें परस व खळें आहे, त्यानें दहा-वीस देशी किंवा वनराज कोंबड्या पाळाव्या व विकतच्या खाद्याचा हात आंखडता ठेवावा. निर्णय करण्यापूर्वीं दोन्ही जातींचीं वीस-वीस पिलें आणून दर आठवड्यास तोलावीं आणि पिलें, खाद्य, औषध व मेलेलीं पिलें यांचा खर्च वहींत मांडावा. विक्रीच्या दिवशीं त्या खर्चास एकंदर वजनानें भागलें असतां एका किलोस काय पडलें तें निघतें. तो आंकडा बाजारभावाखालीं बसला, तर ती जात आपली. न बसला, तर ती देशी असो वा विलायती, आपल्या कामाची नव्हे.