रंगमंचावरील विनोद आणि मनांतील अंतर
(द्वितीय वर्ष, कला)

पहिल्या वर्षी वसतिगृहात कोणी हाक मारली की मी "जेवायलो" म्हणून उत्तर देई आणि सारी पंगत हसे. स्नेहसंमेलनातील एका प्रहसनातही वेंधळ्या गड्याच्या तोंडी आमची मराठवाडी बोलीच घातली होती. सभागृह हसत होते. मी मान खाली घालून बसलो होतो. पुढे वडील भेटायला आले, तेव्हा मी त्यांना मित्रांपुढे फारसे बोलू दिले नाही. विनोदाने माणसे जवळ येतात म्हणतात. मग मी दूर का गेलो?

याचे उत्तर मला 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगात सापडले. त्या वेळच्या औरंगाबादेत विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकविणाऱ्या लक्ष्मण देशपांडे यांनी १९७९ साली तो रंगमंचावर आणला. लेखक तेच, नटही तेच. मराठवाड्यातील खेड्यातली मंडळी लग्नासाठी लंडनला निघतात, एवढेच कथासूत्र; पण पन्नासाहून अधिक पात्रे ते एकटे उभी करीत. २००९ साली ते निवर्तले. त्यांच्या प्रयोगाचे चित्रमुद्रण आम्ही खोलीवर एकत्र पाहिले.

येथेही बोली तीच, हसणेही तेच. परंतु बोच नाही. कारण सांगणारा त्याच मातीतला आहे. शिवाय हसू येते ते बोलीचे नव्हे, तर मानपानाचे, रुसव्याफुगव्यांचे, हट्टाचे. हे कोणत्या घरात नाही? शहरातला प्रेक्षक हसता हसता आपलाच काका ओळखतो. तमाशातील सोंगाड्याचेही असेच आहे. तो राजाची फिरकी घेतो, पण स्वतःलाही सोडत नाही. म्हणून त्याचे बोलणे खपते. जो केवळ दुसऱ्याचे व्यंग दाखवितो, तो अंतर वाढवितो. जो स्वतःसह सर्वांना हास्यात ओढतो, तो ते कमी करतो.

विनोदाने जातीपातीचा वा गरिबीचा प्रश्न सुटत नाही, हे खरे. परंतु समोरच्याचे ऐकून घेण्याइतके मन तो मोकळे करतो. त्या रात्री माझ्या पुण्याच्या सोबत्याने प्रथमच आमच्या काही शब्दांचे अर्थ विचारले. यंदा वडील आले, तेव्हा मी त्यांना थांबविले नाही. ते आमच्या खोलीत तासभर बोलत बसले. सारे हसत होते, आणि सर्वांत मोठ्याने हसत होते ते वडीलच.