कोठडीत मेलेल्या माणसावर चित्रपट काढावा का?

आज मी मलिहाबादहून बोलतोय. लखनौपासून पंचवीस-तीस किलोमीटरवरचं हे गाव दशहरी आंब्यामुळे देशभर माहीत आहे. सैन्यातून निवृत्त झाल्यावर मी इथे एका जुन्या बागेच्या कडेला घर घेतलं. मी कोकणातला, त्यामुळे हापूस मोठा की दशहरी हे भांडण आमच्याकडे दर उन्हाळ्यात होतं. पण आजचा विषय आंब्याचा नाही.

शेजारच्या बागेत एक रखवालदार आहेत. साठीला आलेले. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणतो. यंदा मोहोर आला त्या दिवसांत ते एक लिफाफा घेऊन माझ्याकडे आले. आत इंग्रजीत छापलेली चार पानं होती. चाचांच्या धाकट्या भावाला काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका जिल्ह्यात पोलिसांनी रात्री घरातून उचललं होतं. तिसऱ्या दिवशी निरोप आला, की रुग्णालयात या आणि प्रेत घेऊन जा. खटला अजून चालू आहे. आता मुंबईहून कुणीतरी आलं होतं, त्यांना यावर वेब सिरीज काढायची होती. चाचांनी मला विचारलं, "साहब, दस्तखत कर दूँ क्या?"

मी म्हटलं, घरात विचारलंत का? ते म्हणाले, आईला विचारलं. तिने एकच गोष्ट विचारली: उसे फिर से मारेंगे क्या? म्हणजे, पडद्यावर त्याला पुन्हा मारणार का?

खरं सांगतो, मला पटकन उत्तर देता आलं नाही. मी आयुष्यभर गणवेश घातला. पोलिसांविरुद्धचा चित्रपट म्हटलं की माझी पहिली प्रतिक्रिया नेहमी एकच असायची: कशाला हे, दलाचं मनोबल खचतं. पण त्या चार पानांमुळे मला हा विषय नीट समजून घ्यावा लागला. तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

आजवर कुणावर चित्रपट निघाले?

आधी आपला हिशेब बघू. 'अब तक छप्पन' 2004 मध्ये आला. नाना पाटेकरांचा साधू आगाशे आपल्याला आवडला. मग 2007 मध्ये 'शूटआऊट अॅट लोखंडवाला' आला, 1991 च्या चकमकीवर. 2013 च्या मे महिन्यात 'शूटआऊट अॅट वडाला' आला, 1982 मध्ये मारल्या गेलेल्या मन्या सुर्वेवर. टाळ्या, शिट्ट्या, संवाद पाठ.

त्याच 2013 मध्ये, जुलै महिन्यात, मुंबईच्या सत्र न्यायालयाने रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याच्या प्रकरणाचा निकाल दिला. नोव्हेंबर 2006 मध्ये अंधेरीत झालेली ती चकमक बनावट होती, असं न्यायालयाने म्हटलं आणि 13 पोलिसांना दोषी धरलं. मार्च 2024 मध्ये उच्च न्यायालयाने, आधी सुटलेल्या एका चकमकफेम अधिकाऱ्यालाही जन्मठेप सुनावली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. म्हणजे पडद्यावर चकमकीला टाळ्या पडत होत्या, त्याच वर्षी त्याच शहरातलं न्यायालय दुसऱ्या एका चकमकीला खून म्हणत होतं. आपण टाळ्या ऐकल्या, निकाल वाचला नाही. त्यात मीही आलो.

"हे सगळे गुंडच असतात" असं म्हणणाऱ्यांसाठी लखनौचंच उदाहरण देतो. 29 सप्टेंबर 2018 च्या पहाटे गोमतीनगरमध्ये गाडी थांबवली नाही म्हणून एका शिपायाने गोळी झाडली आणि नामांकित कंपनीतला एक अधिकारी गेला. त्याच्यावर कसलाही गुन्हा नव्हता. आपल्याकडे सांगलीत 2017 मध्ये कोठडीत मारहाणीने तरुण मेला, पोलिसांनी तो पळून गेल्याचं सांगितलं आणि प्रेत आंबोलीला नेऊन जाळलं. तेव्हा असे चित्रपट काढूच नयेत, हे म्हणणं मला आता पटत नाही. मारणाऱ्यावर चित्रपट चालतो, तर मरणाऱ्यावर का नको? खरा प्रश्न आहे तो कसा काढावा याचा.

चार चित्रपट, चार वाटा

पहिली वाट 'अर्धसत्य'ची. 1983 चा हा चित्रपट श्री. दा. पानवलकरांच्या कथेवर आधारलेला आणि तेंडुलकरांनी लिहिलेला. त्यातला कोठडीतला मृत्यू काल्पनिक आहे. कुणा खऱ्या घराला धक्का न लावता तो पोलीस दलाबद्दल सगळं सांगून जातो. मारणारा हात कसा तयार होतो, हे तिथे कळतं.

दुसरी वाट 'पिरवी'ची. आणीबाणीत, मार्च 1976 मध्ये, कालिकतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून राजन नावाच्या विद्यार्थ्याला पोलिसांनी नेलं. तो परत आला नाही. त्याचे वडील ईचर वारियर हिंदीचे प्राध्यापक होते. त्यांनी केरळ उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस अर्ज केला. म्हणजे 'माझा माणूस न्यायालयापुढे हजर करा' अशी मागणी. त्यातून बाहेर आलेल्या सत्यामुळे 1977 मध्ये मुख्यमंत्री करुणाकरन यांना राजीनामा द्यावा लागला. शाजी करुण यांचा 1988 चा 'पिरवी' याच घटनेवरून सुचलेला मानला जातो. नावं बदललेली आहेत. मारहाण दाखवलेलीच नाही. म्हातारा बाप बसची वाट बघत राहतो, एवढंच. त्या चाचांच्या आईला मी एखादा चित्रपट दाखवू शकलो तर हा दाखवेन.

तिसरी वाट 'विसारणई'ची, 2015. एम. चंद्रकुमार हे कोइमतूरचे रिक्षाचालक. तरुणपणी गुंटूरच्या पोलिसांनी त्यांना कोठडीत टाकून बेदम मारलं होतं. पुढे त्यांनी स्वतः 'लॉक अप' ही कादंबरी लिहिली आणि वेट्रीमारन यांनी त्यावरून चित्रपट केला. यात मारहाण भरपूर आहे, बघवत नाही. पण ज्याने मार खाल्ला त्यानेच ती गोष्ट सांगितली आहे. किती दाखवायचं हे ठरवण्याचा हक्क त्याच्याइतका कुणाला असणार?

चौथी वाट 'जय भीम'ची, 2021. ही जरा थांबून बघायला हवी. 1993 मध्ये तमिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात राजाकन्नू याला चोरीच्या संशयावरून पकडलं आणि कोठडीत त्याचा मृत्यू झाला. पोलीस म्हणाले, पळून गेला. त्याची पत्नी पार्वती हिच्यासाठी के. चंद्रू हे वकील उभे राहिले, तेच पुढे न्यायमूर्ती झाले. इथेही हेबियस कॉर्पस हेच हत्यार होतं आणि शेवटी पोलिसांना शिक्षा झाली. चित्रपट देशभर पाहिला गेला. कायद्याचा हा शब्द कितीतरी लोकांना त्यामुळे कळला. हे मोठंच काम झालं.

पण राजाकन्नू कुरवर समाजाचा होता आणि चित्रपटात ते कुटुंब इरुला जमातीचं दाखवलं. प्रदर्शनाच्या सुमारास निर्मात्यांनी इरुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला एक कोटी रुपये दिले. चांगलीच गोष्ट. खरी पार्वती मात्र तेव्हाही गरिबीत राहत होती. ती कुठे आहे, कशी आहे, हे चित्रपट गाजल्यावर पत्रकारांनी लोकांसमोर आणलं. मग तिच्या नावाने ठेव ठेवण्याची घोषणा झाली. हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण चित्रपट तिच्या दुःखावर उभा होता आणि मदतीच्या रांगेत ती शेवटी आली, हे खरं आहे.

कायदा काय म्हणतो?

आता चाचांच्या चार पानांकडे येऊ. पहिला प्रश्न: कुटुंबाची परवानगी घ्यावीच लागते का? सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू या खटल्यात सांगितलं, की न्यायालयीन कागदपत्रांसारख्या सार्वजनिक नोंदींत जे आलं आहे त्यावर संमतीशिवाय लिहिता येतं. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीसारखे काही अपवाद आहेत, तिचं नाव उघड करता येत नाही. सुशांतसिंह राजपूत प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 मध्ये म्हटलं, की खासगीपणाचा हक्क माणसाबरोबर संपतो, तो वारसांकडे जात नाही.

म्हणजे मेलेल्याच्या आईला न विचारताही चित्रपट निघू शकतो. मग निर्माते सह्या का मागतात? एक, पुढे कुणी न्यायालयात जाऊ नये म्हणून. दोन, नोंदींत नसतं ते फक्त घरात असतं: फोटो, पत्रं, तो शेवटचं काय बोलला, कोणतं गाणं गुणगुणायचा. कुटुंबाच्या हातात एवढीच ताकद आहे. ती चार पानांच्या खाली सही करून देऊन टाकू नये.

मी ती पानं दोनदा वाचली. त्यात होतं: घटना आणि पात्रं हवी तशी बदलण्याचा अधिकार निर्मात्याला, हा अधिकार कायमचा आणि जगभरासाठी, कुटुंबाने नंतर कुठलीही हरकत घ्यायची नाही, याच विषयावर दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही. शेवटच्या कलमावर मी थांबलो. खटला चालू आहे. वकिलाशी, पत्रकाराशी, मानवाधिकार आयोगाशी बोलायचं झालं तर? असं तोंड बांधून घेऊन लढता येत नाही.

दुसरी अडचण खटल्याचीच. अनुराग कश्यप यांचा 'ब्लॅक फ्रायडे' मुंबई उच्च न्यायालयाने 1993 च्या बॉम्बस्फोट खटल्याचा निकाल लागेपर्यंत थांबवला होता, तो 2007 मध्ये प्रदर्शित झाला. निकालाआधी सिरीज आली तर आरोपीचा वकीलच म्हणेल, साक्षीदार सिरीज बघून बोलतोय. चाचा स्वतः साक्षीदार आहेत. "सिनेमा निघाला तर केस जिंकू का?" असं त्यांनी मला विचारलं होतं. उलट होऊ शकतं, हे मला त्यांना सांगावं लागलं.

शिवाय, खटला गाजला म्हणजे ज्याचा तो आहे त्याला न्याय मिळतोच असं नाही. आपल्याच देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. देशभर आंदोलन झालं, 1983 मध्ये कायदा बदलला. पुढच्या स्त्रियांना त्याचा उपयोग झाला. तिचा स्वतःचा खटला मात्र हरलेलाच राहिला.

मनोबलाचं काय?

आता माझ्या जुन्या आक्षेपाकडे येतो. सैन्यातही गुन्हे होतात आणि कोर्ट मार्शल होतात. त्यामुळे पलटणीचं मनोबल खचल्याचं मी पाहिलं नाही. खचतं ते गुन्हा झाकल्यावर, कारण प्रामाणिक जवानाला वाटतं, मग मी कशाला नियम पाळू? पोलिसांचंही तसंच असणार. 'पंजाब '95' हा जसवंतसिंग खालडा यांच्यावरचा चित्रपट बघा. अमृतसर जिल्ह्यात बेवारस म्हणून जाळलेल्या प्रेतांच्या नोंदी त्यांनी शोधल्या आणि 1995 मध्ये त्यांनाच उचललं गेलं. पोलिसांना शिक्षा झाली, ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. तरी सेन्सॉरकडे या चित्रपटात शंभरावर बदल मागितले गेले. जे न्यायालयात सिद्ध झालं ते पडद्यावर सांगायला अडवलं तर दलाची इज्जत वाढत नाही.

सैन्यातली आणखी एक गोष्ट सांगतो. जवान गेला की पलटणीचा माणूस त्याच्या घरी जातो. मी गेलो आहे. ते काम कुणालाच आवडत नाही, पण तार करून मोकळं होता येत नाही. दारात उभं राहावं लागतं, आईच्या डोळ्यांत बघावं लागतं. कोठडीत मेलेल्याच्या घरी असं कुणी जात नाही. निदान चित्रपट काढणाऱ्याने तरी जावं. लिफाफा पाठवून नव्हे, स्वतः.

तेव्हा माझं उत्तर असं: चित्रपट जरूर काढावेत. पण कायद्याने परवानगी लागत नसली तरी घरच्यांना विचारून. जात, गाव, नाव बदलायचं असेल तर त्यांना आधी सांगून. खटल्याला धक्का लागणार नाही अशा वेळी. आणि मिळकतीतला वाटा आधी त्या घराला देऊन.

चाचांनी सही केली नाही. आम्ही दोघांनी बसून हिंदीत एक पत्र लिहिलं. निकाल लागेपर्यंत काही दाखवायचं नाही. तोंड बंद ठेवण्याचं कलम काढायचं. संहिता आधी हिंदीत वाचून दाखवायची. पैशाचा आकडा लिहून द्यायचा. मी म्हटलं, झालं, इथे अंगठा करा. चाचा म्हणाले, अम्मांचं राहिलं. मग ते सगळ्यात वर लिहिलं: मारहाण दाखवायची नाही.

पत्र जाऊन दोन महिने झाले. उत्तर आलेलं नाही. पण परवा चाचा भेटले तेव्हा म्हणाले, आईने विचारलं, त्या साहेबांनी आमची अट वाचली असेल ना? मी म्हटलं, वाचली असेल.

तुमच्यापैकी कुणाच्या दारात असा लिफाफा आला तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून गरजूंना फुकट वकील मिळतो. एवढं लक्षात ठेवा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.