वाळू किती धुवावी? खाऱ्या टाकीच्या तळाचा मागोवा

इंदूरला समुद्र नाही, त्यामुळे इथल्या खाऱ्या टाकीचे सगळेच बाहेरून येते. मीठ बादलीतून, वाळू पाकिटातून, मासे मुंबई-चेन्नईकडून. पाणी तेवढे नळाचे, तेही मूळचे नर्मदेचे, 1978 पासून जलूदहून घाट चढून येणारे. या सगळ्या खटाटोपात कमी बोलले जाते ते तळाच्या वाळूबद्दल. मते मात्र गेल्या साठ-सत्तर वर्षांत तिच्याबद्दलच सर्वांत जास्त वेळा पालटली.

आमच्या पिढीतल्या अनेक इंदुरी मराठी मुलांना समुद्री मासे पहिल्यांदा दिसले ते 1951 मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात. तिथे समुद्र रस्त्यापलीकडेच होता. घरी तसे काही करायचे तर त्या काळी एकच मार्ग ठाऊक होता, अंडरग्रॅव्हल फिल्टर. तळाला भोकांची प्लेट, तिच्यावर जाडसर चुरा आणि त्यातून सतत खाली ओढले जाणारे पाणी. चुऱ्यावर वाढलेले जिवाणू माशांनी टाकलेला विषारी अमोनिया पचवून त्याचे नायट्रेट करत. पण पाण्याबरोबर घाणही आत ओढली जाई आणि तिथेच अडके. मग काही महिन्यांनी टाकी उपसायची आणि वाळू तांदळासारखी नळाखाली खळखळून धुवायची, असा शिरस्ता पडला. वाळू लख्ख निघे, पण गोड्या, क्लोरीनच्या पाण्याने तिच्यातले जिवाणू मरत. दोन-चार दिवसांत अमोनिया चढे आणि मासे तडफडू लागत. दोष बहुधा मिठाला दिला जाई.

बाहेर विचार पुढे सरकत होता. जकार्त्याच्या ली चिन एंग यांनी 1961 मध्ये फिल्टरऐवजी समुद्रातले जिवंत खडक वापरण्याची रीत मांडली. ऐंशीच्या दशकात फ्रान्सच्या जाँ जोबेर यांनी वाळूखाली पाण्याची पोकळी ठेवून पाहिली. नव्वदच्या दशकात अमेरिकेचे रॉन शिमेक बारीक वाळूचा दहा सेंटीमीटरहून जाड थर द्या, असे सांगू लागले. वरच्या थरात प्राणवायू असतो, खाली तो संपतो. खालचे जिवाणू मग नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नायट्रोजन बुडबुड्यांनी निघून जातो. हे खरे असले तरी असा थर ढवळायचा नसतो. वर्षानुवर्षे साचलेल्या घाणीला एकदम हात घातला, तर सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड पाण्यात उतरतो.

इंदुरात या धोक्याला वीज जाण्याची जोड मिळाली. मध्य प्रदेशची 2003 ची निवडणूक वीज, रस्ते आणि पाणी यांवर लढली गेली, ती उगीच नव्हे. वीज गेली की टाकीतले पाणी थांबते, आणि जाड थरातले असंख्य जीव उरलासुरला प्राणवायू संपवतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप खाऱ्या टाकीशेजारी असायलाच हवा, हे इथल्या शौकिनांना वीज जाण्याच्या त्या दिवसांनी शिकवले. पुढे काहींनी वाळूच काढून टाकली आणि तळ उघडा ठेवला. घाण साचेना, पण वाळूत घर करणारे मासेही राहिनात.

आज बहुतेक जण दोन ते पाच सेंटीमीटरच्या पातळ थरावर स्थिरावले आहेत. पाणी बदलताना सायफनची रुंद नळी वाळूत खुपसायची. वाळू नळीत उसळते आणि तपकिरी गाळ वर सुटतो. वाळू नळीच्या अर्ध्यावर आली की पाइप चिमटीत धरायचा. जड कण खाली बसतात, गाळ बादलीत जातो. एका वेळी तळाचा तिसरा हिस्साच, बाकीचा पुढच्या खेपांना. भरपाईचे पाणी आदल्या दिवशी आरओच्या पाण्यात मीठ विरघळवून तयार ठेवलेले बरे, कारण नळाच्या पाण्यातल्या सिलिकेटवर वाळूवरची तपकिरी साय पोसली जाते.

परदेशी पुस्तके वाळू साफ ठेवायला समुद्री काकडी सुचवतात. आपल्याकडे तो मार्ग बंद आहे. 2001 मध्ये सर्व समुद्री काकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आल्या, त्यांच्याबरोबर समुद्रघोडे आणि खडक रचणारी प्रवाळेही. दुकानदाराने आडून देऊ केली तरी घेऊ नये. त्यांच्याऐवजी नासारियस गोगलगाय उरलेले अन्न वेचते. वाळू चाळणारा गोबी मासाही आहे, पण लहान टाकीत तो उपाशी मरतो.

2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात पहिल्या आलेल्या शहराला थोडी घाण राहू द्या म्हणणे जड जाते. पण इतक्या वर्षांच्या उलटसुलट मतांतून एवढे नक्की ठरले आहे की वाळू थोडी थोडी, वारंवार आणि खाऱ्या पाण्यातच साफ करावी. जुना जाड थर असेल तर त्याला हात लावू नका. नवी टाकी लावत असाल, तर तो घालूच नका.