तबकडीला सुई कोणती?

काटोलसारख्या गावात जुन्या घराच्या माळ्यावर कधीकधी एखादी लाकडी पेटी निघते. झाकण उघडले की आत काळ्या तबकड्या! काही जाड, जड आणि हातातून पडल्या तर काचेसारख्या फुटणाऱ्या. काही लहान, मधे मोठे भोक असलेल्या. काही ताटाएवढ्या आणि किंचित लवचिक. घरातली मोठी माणसे म्हणतात, “वाजवून पाहू या.” आणि येथेच खरी काळजी घ्यायला हवी. योग्य यंत्राशिवाय वाजवलेली तबकडी त्या एका खेपेतच कायमची खराब होऊ शकते. ग्रामोफोनच्या तबकडीवर आवाज हा खाचेच्या आकारात साठवलेला असतो. खाच झिजली की तेवढा आवाज गेला. तो परत आणता येत नाही. मग यंत्र निवडायचे कसे? चला, खाचेपासूनच सुरुवात करू.

एमिल बर्लिनरने १८८७ साली सपाट तबकडीची कल्पना मांडली. भारतात पहिली मोठी ध्वनिमुद्रणे १९०२ साली कोलकात्यात झाली. गौहर जान या त्यांतल्या सर्वांत प्रसिद्ध गायिका. त्या काळापासून मिनिटाला सुमारे ७८ फेरे फिरणारी तबकडी रूढ झाली. तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. १९३७ साली निधन पावलेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गायकांचा आवाज आज आपल्याला ऐकू येतो, तो अशाच तबकड्यांमुळे. या तबकड्या लाखेच्या असत. पळस, बोर, कुसुम या झाडांवर किडे जी लाख तयार करतात, तीच ही लाख! तिच्यात दगडाची बारीक भुकटी मिसळलेली असे. पुढे १९४८ साली ३३⅓ फेऱ्यांची लांब वाजणारी तबकडी आली आणि १९४९ साली ४५ फेऱ्यांची. या दोन्ही मुख्यतः व्हिनिल या प्लॅस्टिकच्या असतात.

आता खाचांची तुलना करा. ७८ फेऱ्यांच्या तबकडीतील खाच सुमारे ०.१५ मिलिमीटर रुंद असते, तर लांब वाजणाऱ्या तबकडीतील सुमारे ०.०५ मिलिमीटर. म्हणून सुईही दोन प्रकारची लागते. जुन्या तबकडीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या ६५ ते ७५ मायक्रॉन असते, नव्या तबकडीच्या सुईची १८ मायक्रॉनच्या आसपास. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) बारीक सुई रुंद खाचेत घातली तर ती तळाशी जाऊन घासते आणि नुसती खरखर ऐकू येते. जाड सुई अरुंद खाचेवर ठेवली तर ती आत शिरतच नाही, वरच्या कडा मात्र खरवडते.

किल्ली देऊन चालणाऱ्या जुन्या ग्रामोफोनवर तर व्हिनिलची तबकडी कधीच ठेवू नये. त्याची पोलादी सुई शंभर ग्रॅमपेक्षाही जास्त भाराने खाचेवर दाबली जाते. म्हणजे काटोलचे एक बऱ्यापैकी संत्रेच सुईवर ठेवल्यासारखे झाले! याउलट, चांगल्या आधुनिक यंत्रात सुईवरचा भार दीड-दोन ग्रॅम असतो. आपले २०११ नंतरचे एक रुपयाचे नाणे ३.७९ ग्रॅमचे आहे. त्याच्या अर्ध्याएवढा हा भार झाला.

दोन ग्रॅम म्हणजे काहीच नाही, असे वाटते ना? गणित करून पाहा. सुई खाचेला जेथे टेकते ती जागा १० मायक्रॉन लांब आणि तेवढीच रुंद आहे, असे धरू. तिचे क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटरचा दहा लाखावा भाग होते. त्यावर दोन ग्रॅम भार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २,००० किलोग्रॅम दाब! सायकलच्या चाकातील हवेचा दाब तीन-चार किलोग्रॅमच असतो. म्हणूनच भार पाच-सहा ग्रॅमवर गेला की झीज वाढते. पण भार फार कमी करणेही चांगले नाही. सुई मग खाचेत टिकत नाही, उड्या मारते आणि भिंतींवर आपटते. चांगल्या यंत्राच्या दांडीला मागे एक वजन असते. ते पुढेमागे फिरवून हा भार नेमका ठरवता येतो. तुम्ही शिकलेल्या तरफेचाच हा उपयोग.

सुईच्या आकाराचाही विचार करायला हवा. लांब वाजणारी तबकडी सेकंदाला ०.५५६ फेरे फिरते. बाहेरच्या खाचेची त्रिज्या सुमारे १४.६ सेंटिमीटर, तर आतल्या शेवटच्या खाचेची सुमारे ६ सेंटिमीटर. परिघाच्या सूत्रावरून सुईखालून खाच सरकण्याचा वेग काढा. बाहेर तो सेकंदाला ५१ सेंटिमीटर येतो, आत फक्त २१ सेंटिमीटर. वीस मिनिटांच्या एका बाजूत सुई सुमारे ४३० मीटरचा प्रवास करते! आता सेकंदाला दहा हजार कंपनांचा उंच स्वर घ्या. त्याचे एक वळण बाहेर ५१ मायक्रॉन लांब असते, पण आत अवघे २१ मायक्रॉन. १८ मायक्रॉन त्रिज्येच्या गोल टोकाला एवढ्याशा वळणात शिरता येत नाही. म्हणून गाणे बाजूच्या अखेरीस आले की “स”, “श” असे वर्ण फाटल्यासारखे ऐकू येतात. लंबवर्तुळाकार टोकाच्या सुईची कडेची त्रिज्या आठ मायक्रॉनच्या आसपास असते. ती या वळणांत सहज शिरते.

सुई हलली, पुढे काय? त्या हालचालीपासून वीज तयार करण्याचे काम कार्ट्रिज करते. याचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात स्फटिक किंवा सिरॅमिकचा तुकडा असतो. तो दाबला-वाकवला की त्याच्या दोन बाजूंमध्ये विद्युत्दाब निर्माण होतो. क्युरी बंधूंनी १८८० साली हा गुण शोधून काढला. हे कार्ट्रिज स्वस्त असते आणि त्यातून काहीशे मिलिव्होल्ट मिळतात, पण त्याला बहुधा पाच-सहा ग्रॅम भार लागतो. आजच्या स्वस्त, पेटीवजा यंत्रांत बहुधा हेच असते. दुसऱ्या प्रकारात सुईच्या दांडीला इवलासा चुंबक जोडलेला असतो. तो वेटोळ्यांजवळ थरथरला की वेटोळ्यांत वीज वाहते. सायकलच्या डायनॅमोचेच हे तत्त्व. याला दीड-दोन ग्रॅम भार पुरतो आणि सुई झिजली की तेवढी बदलता येते. काही कार्ट्रिजमध्ये तर ७८ फेऱ्यांची जाड सुईही बसवता येते. आपल्या पेटीसाठी हाच प्रकार उत्तम.

मात्र यातून मिळणारा विद्युत्दाब तीन ते पाच मिलिव्होल्टच असतो. म्हणून मुख्य वर्धकाच्या आधी एक पूर्ववर्धक लागतो. त्याचे आणखी एक काम असते. खर्जातले स्वर जसेच्या तसे कोरले तर खाच एवढी झोके घेईल की शेजारच्या खाचेत घुसेल. म्हणून मुद्रण करताना खर्ज कमी करतात आणि उंच स्वर वाढवतात. अगदी टोकाच्या स्वरांना हा फरक जवळजवळ दहा पट असतो. याचे प्रमाण १९५४ साली ठरले. पूर्ववर्धक त्याच्या नेमके उलट करून मूळ आवाज परत देतो.

आता यंत्राची चकती. ती एकसारख्या वेगाने फिरली पाहिजे, नाहीतर सूर डळमळतो. मोटारीची थरथर सुईपर्यंत पोहोचू नये म्हणून पुष्कळ यंत्रांत रबरी पट्ट्याने चकती फिरवतात. काहींत चकती थेट मोटारीवरच बसवलेली असते. परदेशातून आलेले जुने यंत्र घेताना एक गोष्ट तपासा. अमेरिकेत विजेची कंपने सेकंदाला ६०, आपल्याकडे ५०. तिकडची काही यंत्रे या कंपनांच्या तालावर फिरतात. ती येथे ३३⅓ ऐवजी जवळजवळ २८ फेरेच फिरतील. वेग पाच-षष्ठांश झाला की गायकाचा षड्ज खालच्या सप्तकातल्या धैवतावर उतरेल!

वेग तपासायचा सोपा प्रयोग तुम्हीही करू शकता. जाड कागदाची गोल चकती कापा. कोनमापकाने तिच्या कडेला दर २ अंशांवर एक काळी रेघ काढा. अशा १८० रेघा होतील. चकती यंत्रावर ठेवून अंधाऱ्या खोलीत जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली फिरवा. ही ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते. वेग बरोबर ३३⅓ असेल तर दोन उजळण्यांच्या मधल्या वेळात चकती बरोबर २ अंश फिरते. प्रत्येक रेघ पुढच्या रेघेच्या जागी येते आणि रेघा स्थिर दिसतात. त्या सेकंदाला एक रेघ या प्रमाणात सरकताना दिसल्या, तर वेग एक टक्क्याने चुकला आहे. पुष्कळ एलईडी दिवे असे उजळत-मंदावत नाहीत, म्हणून त्यांच्याखाली हा प्रयोग साधेलच असे नाही.

शेवटची गोष्ट विदर्भातल्या उन्हाची. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. पत्र्याखाली किंवा बंद मोटारीत त्याहूनही अधिक तापते आणि व्हिनिलची तबकडी वाकडी होते. तबकड्या थंड खोलीत, उभ्या ठेवाव्यात. वाजवण्यापूर्वी धूळ मऊ ब्रशने काढावी, कारण धुळीचा कण सुईखाली आला की तो खाच खरवडतो. हिऱ्याची सुईही पाचशे ते हजार तासांनी बदलावी.

तेव्हा पैसे मोजके असतील तर चकचकीत पेटी आणि मोठा आवाज यांवर ते घालवू नका. आधी तीन प्रश्न विचारा: यंत्रात ७८ फेऱ्यांची सोय आहे का? सुईवरचा भार कमी-जास्त करता येतो का? सुई बदलता येते का? तिन्हींचे उत्तर “हो” आले, तरच पेटीतली पहिली तबकडी चकतीवर ठेवा.