नदीची क्षमा मागणारी पौर्णिमा

‘लॉय’ म्हणजे पाण्यावर तरंगत सोडणे आणि ‘क्राथोंग’ म्हणजे पानांचा द्रोण. थायलंडच्या ‘लॉय क्राथोंग’ या सणाचं नाव इतकं सरळ आहे. थाई चांद्र पंचांगातल्या बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे बहुधा नोव्हेंबरात, तो येतो. बहुतेक वर्षी त्याच रात्री आपल्याकडे कार्तिकी पौर्णिमा असते. २०२४ साली दोन्ही १५ नोव्हेंबरलाच आल्या. त्या दिवशी मी उत्तर थायलंडमधल्या चिआंग माई शहरात, पिंग नदीच्या काठी होते. माझी मावसबहीण तिथे शिकवते, तिच्याकडे गेले होते.

महेश्वरच्या घाटावरून नर्मदेत द्रोणातले दिवे सोडताना आपण सगळ्यांनीच पाहिलेत. तेव्हा पाण्यावरचे दिवे मला काही नवे नव्हते. आपण दिवा सोडताना बहुतेक वेळा काहीतरी मागतो. इथली माणसं मात्र नदीची आधी क्षमा मागतात. ती कशाची आणि का, हे कळलं की हा सण समजतो.

क्राथोंग करायचा तो असा. केळीच्या खोडाची चार बोटं जाड चकती कापायची. खोड पोकळ-पोकळ असल्यामुळे ती तरंगते. केळीच्या पानांच्या पट्ट्या दुमडून तिच्या कडेनं पाकळ्या लावायच्या. मध्ये झेंडूची किंवा आणखी कुठली फुलं, एक मेणबत्ती आणि तीन उदबत्त्या खोवायच्या. कुणी एखादं नाणं ठेवतं. कुणी नखाचा तुकडा किंवा केसांची बट ठेवतं, म्हणजे वर्षभराचं वाईट त्याच्याबरोबर वाहून जावं. मग काठावर गुडघे टेकून, क्राथोंग कपाळापर्यंत उचलून, मनातल्या मनात काय ते बोलायचं आणि तो हलकेच पाण्यावर ठेवायचा. यात मोठ्यानं म्हणायची आरती नाही. म्हणूनच काठावर इतकी गर्दी असूनही त्या एका क्षणाला प्रत्येक जण एकटा असतो.

बोलायचं ते कुणाशी? ‘फ्रा मे खोंगखा’शी, म्हणजे पाण्याच्या देवीशी. ‘मे’ म्हणजे आई, आणि ‘खोंगखा’ म्हणजे आपली गंगाच, थाई जिभेवर बसलेली. पावसाळा संपलेला असतो, नद्या भरलेल्या असतात, भात पिकत आलेलं असतं. वर्षभर हिचं पाणी प्यालो, शेताला घेतलं, त्यात घाण सोडली. त्याबद्दल आभार आणि माफी, दोन्ही एकाच द्रोणात.

या सणाचं दुसरं एक कारण थाई बौद्ध लोक सांगतात आणि ते ऐकून कुणीही माळव्यातला माणूस चमकेल. बुद्धानं नम्मदा नदीच्या काठी आपलं पाऊल उमटवलं, त्या पावलाला हा दिवा पोचावा, अशी श्रद्धा आहे. पाली ग्रंथांतली ही ‘नम्मदा’ म्हणजे आपली नर्मदा. नदीतल्या नागराजानं पूजेसाठी काहीतरी खूण मागितली आणि बुद्धानं पाऊल दिलं, अशी ती कथा आहे. जिचं पाणी आपल्या इंदूरच्या नळाला येतं, तिच्या नावानं इतक्या दूर कुणी वात लावतं, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत असेल?

सणाच्या उगमाची लोकप्रिय गोष्ट वेगळीच आहे. सुखोथाई राज्यातल्या नांग नोप्पमास नावाच्या स्त्रीनं कमळाच्या आकाराचा पहिला क्राथोंग करून राजाला दाखवला, असं म्हणतात. आजही या सणात तिच्या नावाची सौंदर्यस्पर्धा होते. पण तिची कथा ज्या ग्रंथात येते तो सुखोथाईच्या काळातला नसून बँकॉक राजधानी झाल्यानंतर, एकोणिसाव्या शतकात लिहिला गेला, असं अभ्यासकांचं मत आहे.

चिआंग माईत याच पौर्णिमेला ‘यी पेंग’ म्हणतात. ‘यी’ म्हणजे दोन, ‘पेंग’ म्हणजे पौर्णिमा. उत्तरेकडच्या लान्ना पंचांगाचे महिने दोननं पुढे आहेत, त्यामुळे इतरांचा बारावा महिना तो यांचा दुसरा. घरोघरी उंबऱ्यापाशी आणि कुंपणावर मातीच्या पणत्या लावतात. त्यांना ‘फांग प्रतीप’ म्हणतात; त्यातला ‘प्रतीप’ म्हणजे आपला प्रदीप. आकाशात सोडायचे कागदी दिवे फोटोंमुळे जगभर गाजलेत. आता ते कुठे आणि किती वाजता सोडायचे याचे नियम आहेत, कारण विमानतळ शहराला लागूनच आहे. त्या रात्री काही विमानं रद्द होतात, काहींच्या वेळा बदलतात.

मी गेले त्या वर्षी या क्षमेला आणखी एक बाजू होती. सहाच आठवड्यांपूर्वी, ५ ऑक्टोबरला, पिंग नदीचं पाणी नवरात पुलाजवळ ५.३० मीटरवर गेलं होतं. तिथे नोंदलेली ती तोवरची सगळ्यात मोठी पातळी. बाजारपेठ बुडाली होती. ताईच्या घरमालकीणबाईंच्या तळमजल्यात कमरेपर्यंत पाणी शिरलं होतं. भिंतीवरची चिखलाची रेघ अजून तशीच होती. ताई त्यांना ‘पा’ म्हणते. थाईत आईची किंवा वडिलांची थोरली बहीण म्हणजे पा. त्या दुपारी पा त्याच भिंतीला टेकून केळीची पानं दुमडत होत्या. मी ताईला म्हटलं, ‘‘विचार ना, घरात शिरलेल्या नदीची माफी कशाला?’’ पा हसल्या. म्हणाल्या, ‘‘वर्षभर आम्ही तिच्यात काय काय टाकतो, ते आधी सांगायचं. पुराचं तिला काय बोलणार?’’

घरात माणसं पाच, पण क्राथोंग त्यांनी एकच केला. एका कुटुंबाचा एकच, असं आता सरकारही सांगतं. त्यामागचं कारण दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर दिसतं: विझलेल्या मेणबत्त्या, काळवंडलेली पानं, अडकून पडलेले द्रोण. एकट्या बँकॉकमध्ये महापालिकेनं २०२३ च्या सणानंतर पाण्यातून सुमारे ६ लाख ४० हजार क्राथोंग गोळा केले. त्यातले ९६ टक्क्यांहून अधिक नैसर्गिक वस्तूंचे होते. पूर्वी थर्माकोलचे खूप असत, ते आता कमी झालेत. तरी त्या वर्षीही वीस हजारांच्या आसपास निघालेच. पावाचे क्राथोंगही मिळतात. मासे ते खातात, पण साठलेल्या तळ्यात पाव फार झाला की तो कुजतो, पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासेच मरतात. केळीचं पानही ढिगानं कुजलं तर तेच. शिवाय पानं टाचायला लावलेल्या टाचण्या असतातच. म्हणजे नदीची माफी मागता मागता तिच्यावर नवं ओझं टाकलं जातं. थाई लोकांनाही हे कळतं. रात्रभर बोटींतून द्रोण उचलणारे कामगार त्यांचेच आहेत, आणि आता कुणी कुणी पडद्यावरच क्राथोंग सोडतात.

मी क्राथोंग सोडला नाही. पाचव्या पायरीवर बसून तीन तास नुसतं पाहिलं. परक्या सणाला गेल्यावर ‘आपणही करून पाहू’ असं वाटतंच, आणि कुणी अडवतही नाही. पण कडेला बसलं की गर्दीत हरवणाऱ्या गोष्टी दिसतात. छातीभर पाण्यात उभी असलेली मुलं वाहत्या द्रोणांतली नाणी शोधत होती. ओंकारेश्वरला लोहचुंबक दोरीला बांधून नाणी काढणारी मुलं आठवली. एक आजोबा आपला द्रोण वळणापलीकडे जाईपर्यंत हात जोडून उभे होते. पा मात्र द्रोण सोडून लगेच वळल्या. त्यांना घरी जाऊन पणत्यांत तेल घालायचं होतं.

मित्रांनो, येत्या कार्तिकी पौर्णिमेला आपल्यातले बरेच जण महेश्वर, ओंकारेश्वरला जातील. दिवा जरूर सोडा. घरचा मिळून एकच सोडा, पळसाच्या किंवा वडाच्या पानाचा, प्लास्टिकचा कागद न लावलेला. आणि मागण्याआधी नर्मदेला वर्षभराचं सांगून टाका. यादी बरीच लांब होईल, तेव्हा थोडा वेळ हातात ठेवूनच घाटावर उतरा.